‘पॉवर’ म्हणजे काय?

प्रत्येक शब्दाला एक ठरलेला अर्थ असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. शब्दकोश उघडावा, शब्द शोधावा, त्यापुढे छापलेला अर्थ पाठ करावा, की शब्द आपलासा झाला, असे त्यांना वाटते. परकी भाषा शिकताना तर ही समजूत अधिकच बळावते. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी शब्द आणि दोहोंच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह! गणितात बरोबरीचे चिन्ह मोठे विश्वासू असते. दोन आणि दोन यांची बेरीज पुण्यात चार आणि मुंबईत पाच होत नाही. भाषेत मात्र या चिन्हावर फारसे विसंबून चालत नाही. शब्दाचा अर्थ शेवटी वाक्यात ठरतो. आणि वाक्य बदलले की तोच शब्द अगदी निराळा अर्थ घेऊन उभा राहतो.

‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. हा शब्द आता इंग्रजी शिकलेल्यांपुरता उरलेला नाही. दुकानदार, शेतकरी, कारागीर, विद्यार्थी अशा सर्वांच्या तोंडी तो रुळला आहे. परंतु प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते काय?

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्याला लागूनच, वलवण आहे. तेथील धरण आणि धरणाखालील बाग यांमुळे हे नाव अनेकांच्या परिचयाचे झाले आहे. समजा, वलवणच्या एखाद्या घरातील बोलणे दिवसभर टिपून ठेवले, तर त्यात पुढील वाक्ये सहज सापडतील.

“काल रात्री वादळ झाले आणि पॉवर गेली.”
“कर्जतहून घाट चढताना आगगाडीला जादा पॉवर लागते.”
“आजोबांच्या चश्म्याची पॉवर वाढली.”
“दोनाची तिसरी पॉवर म्हणजे आठ.”
“कर बसवण्याची पॉवर नगरपालिकेला आहे.”
“निवडणुकीनंतर दुसरा पक्ष पॉवरमध्ये आला.”

शब्द एक, वाक्ये सहा. आणि अर्थही सहा. पहिल्या वाक्यातील पॉवर म्हणजे वीज. दुसऱ्या वाक्यातील पॉवर म्हणजे जोर. बोरघाटाची चढण इतकी अवघड आहे, की कर्जतपासून गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात व त्यांनी लावलेल्या जोरावर गाडी लोणावळ्यास पोहोचते. तिसऱ्या वाक्यात काचेचे मान सांगितले आहे. चौथ्या वाक्यात गणितातला घात आहे : दोन हा पाया आणि तीन हा घातांक. पाचव्या वाक्यात कायद्याने दिलेला अधिकार आहे; आणि सहाव्या वाक्यात आहे राज्यकारभाराची सत्ता. आता एखाद्याने वहीत ‘पॉवर म्हणजे शक्ती’ एवढेच लिहून ठेवले असेल, तर त्याच्या हिशेबाने आजोबांच्या चश्म्याची शक्ती वाढली आणि रात्री गावातील शक्ती निघून गेली, असे होईल!

एवढे सारे अर्थ या एका शब्दात आले कोठून? ते वाटेल तसे गोळा झालेले नाहीत. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला व फ्रेंचमध्ये लॅटिन भाषेतून. त्याच्या मुळाशी जी लॅटिन क्रिया आहे तिचा अर्थ ‘करू शकणे’ असा आहे. जे काही करून दाखवू शकते, ते पॉवर. इंजिन गाडी ओढू शकते, राजा आज्ञा देऊ शकतो, तारेतून येणारी वीज दिवा लावू शकते. म्हणून या साऱ्यांना इंग्रजीने एकाच नावाखाली घेतले. मौज अशी, की आपल्याकडील ‘शक्ती’ या शब्दाची जन्मकथाही थेट अशीच आहे. संस्कृतातील ‘शक्’ या धातूचा अर्थ समर्थ असणे, करू शकणे. त्यातूनच शक्ती, शक्य, अशक्य हे शब्द झाले. आणि मराठीत रोज शेकडो वेळा वापरले जाणारे ‘शकणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भाषांनी एकाच कल्पनेपासून आरंभ केला. पुढे मात्र त्यांच्या वाटा काहीशा वेगळ्या झाल्या. इंग्रजीने एकाच शब्दाला अनेक कामे सांगितली; मराठीने बल, जोर, शक्ती, सामर्थ्य, अधिकार, सत्ता, घात अशी निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी माणसे नेमली.

मग इंग्रज वाचकाचा घोटाळा होत नाही काय? सहसा होत नाही. कारण शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे त्याचे सोबती असतात व तेच त्याचा अर्थ सांगतात. ‘इन पॉवर’ म्हटले की सत्तेवर असणे. ‘पॉवर हाउस’ म्हटले की वीजघर. ‘हॉर्सपॉवर’ म्हटले की अश्वशक्ती. ‘पॉवर ऑफ अटर्नी’ म्हटले की कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्यास लिहून देणारा कागद. जगातील ‘ग्रेट पॉवर्स’ म्हणजे बडी राष्ट्रे. सोबत पाहून माणूस ओळखावा असे म्हणतात. शब्दाच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे.

मराठीतही असेच चालते. ‘वीज’ हाच शब्द घ्यावा. “वीज आली,” असे कोणी म्हटले तर घरातील मुले आनंदाने दिवा लावतात. “वीज पडली,” असे म्हटले तर सर्वांच्या काळजाचा ठोका चुकतो. शब्द तोच, पण ‘आली’ आणि ‘पडली’ या दोन क्रियापदांनी आकाशातील वीज आणि तारेतील वीज वेगळी करून दाखवली. ‘घाट’ हा शब्दही तसाच. लोणावळ्याचा घाट, नदीचा घाट, भांड्याचा घाट आणि एखाद्या समारंभाचा घाट घालणे, या चार ठिकाणी चार अर्थ आहेत. तेव्हा एका शब्दास अनेक अर्थ असणे हे इंग्रजीचे व्यंग नव्हे. ते भाषेचे एक सामान्य लक्षण आहे. व्यंग असेल तर ते वाक्य न पाहता अर्थ लावणाऱ्याच्या सवयीत आहे.

या शब्दाचा एक अर्थ शास्त्राने फार काटेकोरपणे बांधून टाकला आहे. दोन पंप सारख्याच विहिरीतून सारख्याच टाक्या भरतात. एकास एक तास लागतो, दुसऱ्यास दोन. दोघांनी केलेले काम सारखेच आहे, पण पहिल्या पंपाची शक्ती दुसऱ्याच्या दुप्पट आहे. काम किती वेगाने होते, हे जे सांगते त्याला शास्त्रात ‘पॉवर’ किंवा शक्ती म्हणतात. अठराव्या शतकात जेम्स वॉट याने सुधारलेली वाफेची यंत्रे विकावयास काढली, तेव्हा गिऱ्हाइकांना घोड्यांच्या कामाची चांगली माहिती होती. म्हणून यंत्राची शक्ती त्याने घोड्यांच्या हिशेबाने सांगितली. पुढे शक्तीच्या परिमाणाला त्याचेच नाव देण्यात आले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. व्यवहारात बल, ऊर्जा आणि शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तरी फारसे बिघडत नाही. शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मात्र तसे केल्यास उत्तर चुकते.

वलवणच्या धरणाचा आणि या शब्दाचा संबंध तर याहूनही जवळचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसापासून वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी मनात बाळगली होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले. १९१० साली या कामासाठी कंपनी स्थापन झाली. वलवण, लोणावळा व शिरवता येथे पाणी अडवण्यात आले. ते पाणी घाटमाथ्यावरून पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडून तेथील चक्रे फिरवावयाची, अशी ही योजना. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले व ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. दगडी कोळसा जाळून वाफेवर चालणारी यंत्रे विजेवर चालू लागली. एरवी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेकडे गेले असते, ते पाणी चक्रे फिरवून पश्चिमेस पाताळगंगेच्या वाटेला लागले. पावसाचे बल, पाण्याची ऊर्जा, यंत्राची शक्ती आणि तारेतील वीज हा सारा प्रवास येथे एका दृष्टिक्षेपात दिसतो.

परंतु त्याच सह्याद्रीच्या कडेला, वलवणच्या दक्षिणेस मुळशीच्या खोऱ्यात, या शब्दाचे दुसरे अर्थही इतिहासाने दाखवून दिले. तेथेही विजेसाठी धरण बांधावयाचे ठरले. धरण झाले म्हणजे गावे, देवळे आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांनी विरोध केला. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि या लढ्यामुळेच लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. स्त्रीपुरुष सत्याग्रहींनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. बापट यांनाही दीर्घ कारावास घडला. सरकारने भूसंपादनाच्या कायद्याचा आधार घेतला होता. अखेर १९२४ सालाच्या सुमारास लढा थांबला. धरण पुरे झाले. आणि १९२७ साली घाटाखाली भिरा येथील वीजघर सुरू झाले.

आता ही हकीकत सांगताना जर कोणी सगळीकडे ‘पॉवर’ एवढा एकच शब्द वापरील, तर काय होईल? कंपनीला पॉवर हवी होती, सरकारजवळ पॉवर होती, कायद्याने पॉवर दिली होती आणि शेतकऱ्यांनीही आपली पॉवर दाखवली, असे एक गोंधळलेले वाक्य तयार होईल. ऐकणाऱ्याला वाटेल, की सर्वांजवळ एकच वस्तू होती व सर्वजण तिच्यासाठीच भांडत होते. आता तेच वाक्य नेमक्या शब्दांत पाहावे : कंपनीला वीज हवी होती, सरकारजवळ सत्ता होती, कायद्याने जमीन घेण्याचा अधिकार दिला होता, आणि शेतकऱ्यांनी आपले सामर्थ्य दाखवले. चार शब्द आले आणि चार पक्ष डोळ्यांसमोर स्पष्ट उभे राहिले. इतकेच नव्हे, तर त्या वेळी विचारले गेले पाहिजेत असे प्रश्नही आपोआप पुढे आले. वीज हवी, हे खरे; पण ती कोणाच्या जमिनीच्या मोलाने? सत्ता आहे, म्हणून अधिकारही आहे काय? आणि कायद्याचा अधिकार आहे, म्हणून ते कृत्य न्याय्य ठरते काय? ‘पॉवर’ या एका शब्दाने हे प्रश्न झाकले जातात. वीज, सत्ता, अधिकार, सामर्थ्य या शब्दांनी ते उघडे होतात. गिरण्या चालल्या आणि दिवे लागले, हे जितके खरे, तितकेच घरे बुडाली हेही खरे. दोन्ही गोष्टी सांगावयाच्या तर भाषा नेमकी असावी लागते.

सत्ता आणि अधिकार यांतील भेद तर प्रत्येक नागरिकाला कळला पाहिजे. सत्ता म्हणजे इतरांकडून आज्ञा पाळून घेता येणे. अधिकार म्हणजे नियमाने नेमून दिलेले काम करण्याची मुभा; आणि ज्या नियमाने ती दिली, तोच नियम तिची सीमाही ठरवतो. दरोडेखोर बंदूक रोखून पैसे काढून घेतो, तेव्हा त्या क्षणापुरती त्याची सत्ता चालते. अधिकार मात्र त्याला मुळीच नसतो. वर्गप्रमुखाला वर्गात शांतता राखण्याचा अधिकार शिक्षकांनी दिलेला असतो. पण त्या अधिकारात दुसऱ्याचा डबा उघडून खाणे येत नाही. “माझ्या हातात पॉवर आहे,” असे तो म्हणाला, तर ही सीमा त्या शब्दात कोठेच दिसत नाही. “मला अमुक अधिकार दिला आहे,” असे म्हणताच, तो कोणी दिला, कशासाठी दिला व किती दिला, हे प्रश्न उभे राहतात. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारताच्या संविधानानेही हेच केले आहे. कोणाच्याही हाती बेबंद सत्ता न देता, प्रत्येकाला मोजूनमापून अधिकार दिले आहेत.

यावर कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? ‘पॉवर’ सर्वांना समजतो. एका शब्दाने काम भागत असता सहा शब्द कोण लक्षात ठेवणार?” हे म्हणणे वरवर सोयीचे दिसते. परंतु ती सोय बोलणाराची आहे, ऐकणाराची नव्हे. सुताराजवळ पटाशी, रंधा, करवत आणि गिरमिट ही निरनिराळी हत्यारे असतात. एका हातोडीने सर्व कामे करतो म्हणणारा सुतार कदाचित हलकी पिशवी घेऊन फिरेल. पण त्याने केलेल्या खुर्चीवर बसण्यास कोणी धजणार नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन कोणी म्हणेल, “मराठीत एकही इंग्रजी शब्द राहू देऊ नये.” हेही योग्य नाही. स्टेशन, तिकीट, टेबल, पेन्सिल हे शब्द नव्या वस्तूंबरोबर आले आणि घरचे झाले. त्यांनी आपल्या भाषेत भर घातली. कोणाला घराबाहेर काढले नाही. चश्म्याच्या बाबतीत तर ‘पॉवर’ऐवजी बहुतेक लोक ‘नंबर’ म्हणतात, तोही इंग्रजीच! पण तो नेमका आहे आणि सर्वांना कळतो. म्हणून त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. परका शब्द पारखण्याची कसोटी अगदी साधी आहे. तो नवीन वस्तू किंवा नवा भेद घेऊन येत असेल तर त्याचे स्वागत करावे. जुने भेद पुसून टाकण्यासाठी तो येत असेल तर त्याला दाराशीच थांबवावे. ‘स्टेशन’ने काही पुसले नाही. ‘अधिकार’, ‘सत्ता’ आणि ‘सामर्थ्य’ यांच्या जागी येऊन बसणारा ‘पॉवर’ मात्र तीन शब्द पुसतो.

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही यातून एक वाट सापडते. अनेकार्थी शब्द भेटला की त्याचे सारे अर्थ एका दमात पाठ करण्याने विशेष लाभ होत नाही. ते जसे पाठ होतात, तसेच विसरले जातात. त्यापेक्षा प्रत्येक अर्थाचे एकेक वाक्य तयार करावे. वाक्य शक्यतो आपल्या गावातले, घरातले, शाळेतले असावे. मग त्या वाक्यात इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द घालून पाहावा. जो शब्द त्या जागी चपखल बसेल, तोच तेथील अर्थ. अशी सहा वाक्ये ज्याने स्वतः रचली, त्याला तो इंग्रजी शब्द तर येतोच. शिवाय सहा मराठी शब्दांतील अंतरही त्याच्या ध्यानात येते. परकी भाषा नीट शिकणाराचे स्वभाषेचे ज्ञान अधिक वाढते ते असे.

शब्द शिकणे म्हणजे केवळ बोलण्याची साधने वाढवणे नव्हे. ते वस्तूवस्तूंमधील भेद पाहण्यास शिकणे आहे. वीज आणि सत्ता, सत्ता आणि अधिकार, अधिकार आणि सामर्थ्य या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याच्या भाषेत स्पष्ट आहे, त्याच्या विचारातही ते स्पष्ट राहते. आणि अशा माणसाला कोणी मोठा शब्द वापरून सहसा फसवू शकत नाही.

अभ्यास

१. ‘पॉवर’ आणि ‘शक्ती’ या दोन शब्दांच्या मुळाशी कोणती समान कल्पना आहे?
२. ‘सत्ता’ आणि ‘अधिकार’ यांतील फरक तुमच्या शाळेतील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३. मुळशीच्या सत्याग्रहाची हकीकत ‘पॉवर’ हा शब्द न वापरता आठ-दहा ओळींत लिहा.
४. ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात किती अर्थांनी येतो ते शोधा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य करा व त्या जागी योग्य मराठी शब्द घाला.